जुन्या पिकपची पाठ

मोटारीच्या तोंडाकडे सर्वांचें लक्ष जातें. पाठीकडे कोणी पाहात नाहीं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत लोक पुढची जाळी न्याहाळतात, दिव्यांचें कौतुक करितात, बॉनेट उघडावयास लावून इंजिनाची विचारपूस करितात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. परंतु गाडीचा मालक तिला कामाला लावावयाचें ठरवितो, तिच्याकडून कांहीं ओढून नेण्याचें मनांत आणतो, त्या दिवशीं सारा प्रश्न त्या दुर्लक्षित पाठीवर येऊन बसतो. मागें बंपर कोणता लावावा? ओढीचा हुक कोठें आणि कसा बसवावा? वरवर पाहतां हा प्रश्न लोहाराचा वाटतो. पण त्यांत थोडें पदार्थविज्ञान आहे, थोडा इतिहास आहे, बराचसा कायदा आहे, आणि मागून येणाऱ्या माणसाच्या जिवाचा संबंध तर आहेच आहे.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, ह्या शहरांत तर हा प्रश्न विशेष जपून हाताळला पाहिजे. येथें जुन्या जीपा आणि जुने पिकप जपणारीं घरें आहेत, आणि लोखंडाला हवा तो आकार देणारे हातही आहेत. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्यें सुरू झाला. त्याच्या आसपास, तसेंच चिकलठाण्यास आणि पुढें शेंद्र्यास, पत्रा कापणारे, नळ्या वांकविणारे, वेल्डिंग करणारे अनेक लहानमोठे कारखानदार उभे राहिले. ह्यांच्यापैकीं एखाद्याकडे सकाळीं जाऊन 'मागें एक भक्कम बंपर पाहिजे' एवढें सांगितलें, तर संध्याकाळीं तो तयार मिळूं शकतो. ही सोयच धोक्याची आहे. जें सहज होतें त्याचा विचार करावयास वेळ राहात नाहीं.

समजा, समर्थनगरांतील एका घरीं आजोबांच्या वेळचा जीप-पिकप आहे. कुटुंबाचें थोडें शेत खुलताबादेच्या वाटेवर आहे. थोरल्या चिरंजिवांचा बेत असा कीं, मागें जाड लोखंडाचा बंपर लावावा, त्याच्याच मधोमध ट्रेलर जोडावयाचा बॉल बसवावा, म्हणजे गाडीला शोभा आली, संरक्षण झालें आणि ओढीचीही सोय झाली. एक पंथ दो काज. बेत ऐकावयास चांगला आहे. त्यांत दोष एवढाच, कीं ज्या दोन वस्तु तो एकत्र बांधूं पाहतो त्यांचे धर्म एकमेकांच्या उलट आहेत.

बंपरचें काम धक्का खाण्याचें. मागून कोणी आदळलें तर त्यानें आपण वांकावें, दबावें, आणि त्या दबण्यांत धक्क्याचा जोर खर्ची घालावा. बंपर वांकला म्हणजे तो कामास आला. हुकाचें काम ओढ सोसण्याचें. त्यानें मुळींच वांकतां कामा नये. तो एक सूतभर जरी मुरडला, तरी पुढच्या फेरीस त्याच्यावर विसंबतां येत नाहीं. म्हणून ओढीची सारी शक्ति बंपरांतून न जातां थेट गाडीच्या चॅसींत, म्हणजे ज्या पोलादी सांगाड्यावर सगळी गाडी उभी असते त्यांत, गेली पाहिजे. घरांत पडद्याची दांडीही आडवी असते आणि तुळईही आडवी असते. पण पाळणा टांगावयाचा तो तुळईला; दांडी कितीही जाड दिसली तरी तिला पाळणा कोणी टांगीत नाहीं.

हा भेद ज्यांनीं पहिल्या प्रथम नीट ओळखला त्यांत जीपेचे कर्ते येतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ ह्या अवधींत, विलीज आणि फोर्ड ह्या दोन अमेरिकन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्या लष्करी जीपेची पाठ पाहण्यासारखी आहे. तिला मागें सबंध रुंदीचा बंपर नाहींच. चॅसीच्या शेवटच्या आडव्या तुकड्यावर मधोमध एक जबड्यासारखा उघडणारा-मिटणारा हुक असतो. त्याला पिंटल हुक म्हणतात. ट्रेलरच्या दांडीचें जाड कडें त्या जबड्यांत घालून तो मिटला आणि खिळ बसविली, कीं कडें सुटत नाहीं, पण सर्व बाजूंस हलूं शकतें. ह्या हुकाच्या डाव्या-उजव्या बाजूंस दोन आंखूड, स्वतंत्र बंपर-तुकडे बसविलेले असतात. धक्का त्यांनीं खावा, ओढ हुकानें सोसावी. कोणी कोणाच्या कामांत हात घालावयाचा नाहीं. गाडीचें रिकामें वजन सुमारें २,४५० पौंड, आणि तिनें ओढावयाच्या ट्रेलरची मर्यादा मालासह १,००० पौंड, म्हणजे सुमारें ४५० किलो. हें प्रमाण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. लढाईच्या धामधुमींतही ओढल्या जाणाऱ्या वस्तूचें वजन ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्याहून कमीच ठेविलें होतें.

युद्ध संपल्यावर जीपेचें मुलकी रूप निघालें. हिंदुस्थानांत महिंद्रा कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत विलीज जीपा जुळविण्यास आरंभ केला. पुढें ज्या गाडींत चालक थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि मागें मोकळा हौदा राहतो, ती चपट्या तोंडाची फॉरवर्ड कंट्रोल जीपही महिंद्रांनीं काढली; अमेरिकेंत तिचें उत्पादन थांबल्यावरही ती येथें बनत राहिली. ह्यांच्याखेरीज शेवरोले गाड्या जनरल मोटर्स मुंबईस शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत जुळवीत असे, आणि डॉज व फार्गो ह्या गाड्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघत. आज मराठी घरांत जो जुना पिकप आढळतो तो बहुधा ह्यांपैकींच एखाद्या घराण्यांतला असतो. एक गंमतीची गोष्ट अशी, कीं त्या काळच्या अमेरिकन पिकपांना मागचा बंपर पुष्कळदां मूळ किंमतींत मिळत नसे; तो जादा दाम देऊन घ्यावा लागे. त्यामुळें 'आमचा मूळचा बंपर कोठें हरवला कोण जाणे' म्हणून हळहळणाऱ्या मालकाच्या गाडीला तो जन्मतःच नव्हता, असेंही कधीं कधीं निघतें. म्हणून नवा बंपर शोधावयास निघण्यापूर्वीं त्या सालच्या, त्या जातीच्या गाडीचें भागांचें पुस्तक किंवा जुनें छायाचित्र मिळवावें, आणि गाडीला मागें काय होतें तें आधीं ठरवावें.

येथें एक निर्णय आधीं घ्यावा लागतो, आणि तो गाडीच्या खालीं वांकून नव्हे तर नोंदणीचें पुस्तक उघडून घ्यावा लागतो. गाडी जपून ठेवावयाची आहे, कीं तिच्याकडून काम घ्यावयाचें आहे? केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या, म्हणजे 'व्हिंटेज' वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, मूळ स्वरूपांत जपलेली, आणि जिच्या चॅसींत, सांट्यांत किंवा इंजिनांत भारी फेरफार झालेला नाहीं अशी गाडी ह्या नियमांखालीं नोंदतां येते. नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणीची मुदत दहा वर्षें, आणि नूतनीकरणास ५,००० रुपये. नंबराच्या पाटीवर 'व्हीए' हीं दोन अक्षरें येतात. पण ह्या मानाबरोबर बंधनही येतें. अशी गाडी प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या फेरींत, तेल भरावयास किंवा दुरुस्तीस रस्त्यावर नेतां येते. रोजच्या किंवा धंद्याच्या कामास जुंपतां येत नाहीं. शिवाय हे नियम दुचाकी आणि खाजगी प्रवासी चारचाकी यांच्यापुरते आहेत. म्हणून ज्या पिकपच्या पुस्तकांत 'मालवाहू' असा शेरा आहे, त्याच्या मालकानें परिवहन कार्यालयांत अगोदर चौकशी केलेली बरी.

ह्याचा हुकाशीं संबंध काय? संबंध सरळ आहे. गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावयाची असेल, तर चॅसी कापून, वितळवून जोडलेली आणि भलत्या ठिकाणीं भोंकें पाडलेली असतां 'ही मूळ स्वरूपांतली गाडी' असें तपासणाऱ्यांस पटविणें कठीण. चिरंजिवांनीं एका संध्याकाळीं बसविलेला बंपर आजोबांच्या गाडीचा पन्नास वर्षांचा अधिकार घालवूं शकतो. आणि व्हिंटेज नोंदणी नको असली, तरी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम राहतेंच. कारखानदारानें ठरविलेल्या मूळ रचनेस सोडून गाडींत फेरफार करावयाचा नाहीं, असा त्या कलमाचा रोख आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्याचा तसाच कडक अर्थ लाविला. ह्याच कलमाचा आधार घेऊन डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय मंत्रालयानें गाड्यांच्या पुढें बसविल्या जाणाऱ्या जाड लोखंडी 'बुलबारां'विरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस सांगितलें. त्यामागचें कारण समजून घेण्यासारखें आहे. तें लोखंड गाडीला वांचवितें असें वाटतें. पण जो धक्का पत्र्यानें दबून खावयाचा तो तें न दबतां चॅसीकडे आणि आंतल्या माणसांकडे पोंचवितें, आणि समोर पायीं चालणारा असेल तर त्याच्यावर तें एखाद्या पहारीसारखें आदळतें. मागच्या बाजूस हीच गोष्ट मोटारसायकलवाल्याच्या बाबतींत घडते. संभाजीनगरच्या रस्त्यांवर दुचाक्यांची वाण नाहीं. मागें रेल्वेच्या रुळासारखा बंपर लावून मालक निर्धास्त झाला, तरी तो निर्धास्तपणा मागच्याच्या गुडघ्यांच्या जिवावर विकत घेतलेला असतो.

तेव्हां बंपर मूळच्या आकाराचा, मूळच्या जाडीचा, कडा आंत वळविलेला असावा, आणि गाडीच्या रुंदीबाहेर डोकावणारा नसावा. मुलामा द्यावा कीं रंग द्यावा, हा प्रश्न आवडीचा आहे. जीपेच्या जातीला मात्र चकचकीत मुलामा शोभत नाहीं, तिला साधा रंगच खुलतो. बंपरविषयीं एवढें पुरे. खरें काम हुकाचें आहे.

हुक निवडतांना दुकानदार एक आंकडा दाखवितो. अमेरिकन पद्धतीच्या हुकांचे वर्ग असतात. पहिल्या वर्गाचा हुक २,००० पौंडांपर्यंत, तिसऱ्या वर्गाचा ५,००० पौंड आणि त्यावर. मोठा आंकडा पाहून माणूस हरखतो. पण तो आंकडा हुकाचा आहे, गाडीचा नव्हे. ज्या जीपेनें १,००० पौंड ओढावे असें तिच्या कर्त्यांनीं ठरविलें, तिला ५,००० पौंडांचा हुक लाविल्यानें तिचें इंजिन, तिचा क्लच, तिचे ब्रेक ह्यांत तिळमात्र फरक पडत नाहीं. दोराचें बळ वाढविलें म्हणून बैलाचें बळ वाढत नाहीं. जुन्या गाडींत चारी चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि त्या चारींना तेल पुरविणारा बहुधा एकच सिलिंडर. एक नळी फुटली कीं चारी चाकें मोकळीं. अशा गाडीच्या मागें जें कांहीं जोडावयाचें तें ह्या ब्रेकांनीं थांबलें पाहिजे, ह्या हिशेबानेंच त्याचें वजन ठरवावें.

आतां हुकावर पडणाऱ्या भाराविषयीं. हें शास्त्र आपल्याकडे नवें नाहीं. खेड्यांतल्या कोणत्याही गाडीवानाला तें ठाऊक असतें. बैलगाडींत कडबा किंवा पोतीं भरतांना भार मागें फार झाला, तर गाडी उलाळ होते: धुरा वर उचलली जाते, जूं मानेवरून सुटूं पाहतें आणि गळ्याखालचे पट्टे बैलाला फांस लावतात. भार पुढें फार झाला, तर जूं मानेंत रुततें आणि बैल गुडघे टेकतो. म्हणून शहाणा गाडीवान पोतीं अशीं रचतो कीं जुंवावर थोडासा, नेमका भार राहावा. ट्रेलरचें अगदीं असेंच आहे. त्याच्या एकंदर वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका भार दांडीच्या टोंकाशीं, म्हणजे हुकावर, असावा. तो फार कमी झाला तर वेग येतांच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोले खाऊं लागतो, आणि प्रत्येक झोल्याबरोबर पुढच्या गाडीची पाठ हांसडली जाते. हा भार घरींच मोजतां येतो. ट्रेलर माल भरून सपाट जागीं, चाकांना दगड लावून, हुकाच्या उंचीइतका समतल उभा करावा. दांडीच्या टोंकाखालीं लांकडी ठोकळा आणि त्याखालीं माणसें वजन करावयाचा घरगुती कांटा ठेवावा. ४५० किलोंच्या ट्रेलरचे त्यावर सुमारें ४५ किलो भरावे. कमी भरले तर पोतीं पुढें सरकवावीं, अधिक भरले तर मागें.

परंतु बैलगाडींत नसलेली एक अडचण मोटारींत आहे. हुक मागील चाकांच्या बराच पाठीमागें असतो. बागेंतल्या वरखालीं होणाऱ्या फळीवर एका टोंकाला मूल बसलें कीं दुसरें टोंक उचललें जातें, तसा मागील आंस येथें मधला टेंकू होतो. जीपेच्या दोन आंसांत ८० इंचांचें अंतर आहे. हुक मागील आंसाच्या मागें ४० इंचांवर असून त्यावर ५० किलो भार आला, तर मागील चाकांवर ५० नव्हे, ७५ किलो वाढतात. हे वरचे २५ किलो आले कोठून? पुढच्या चाकांवरून. म्हणजे ज्या चाकांनीं गाडी वळावयाची तींच हलकीं झालीं. जितका हुक मागें लांबवावा तितका हा खेळ वाढतो. म्हणून जाड बंपरच्याही बाहेर एक लांब जिभेसारखी पट्टी काढून तिच्या टोंकाला बॉल बसवावयाचा, ही जी रीति सर्रास दिसते ती सर्वांत वाईट. हुक चॅसीच्या शेवटाला जितका बिलगून असेल तितका चांगला.

तो चॅसीला जोडावा कसा? प्रथम चॅसी जोडण्याच्या लायकीची आहे काय तें पाहावें. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेल्या सांगाड्यांत मागच्या आडव्या तुकड्याच्या आंत चिखल सांचून गंज धरलेला असतो, आणि वरून दिलेला रंग तो झांकतो. कुंभाराकडे मडकें वाजवून घेतात त्याप्रमाणें लहान हातोडीनें तो तुकडा वाजवावा. खणखणीत आवाज आला तर ठीक; भद्द आवाज आला, किंवा पापुद्रे गळले, तर हुकाचा विचार तेथेंच थांबवून आधीं सांगाडा दुरुस्त करावा. नंतर हुकाचें चौकट-लोखंड केवळ त्या आडव्या तुकड्याला न अडकवितां, दोन तिरप्या आधारांनीं दोहों बाजूंच्या लांब दांड्यांपर्यंत न्यावें, म्हणजे ओढ विभागली जाते. शक्य तेथें कारखान्यानें पाडलेलीं मूळचीं भोंकेंच वापरावीं. नवें भोंक अगदींच पाडावें लागलें तर तें दांडीच्या उभ्या बाजूस, मध्यावर पाडावें. वरच्या किंवा खालच्या आडव्या कडेला कदापि नव्हे. गाडी खड्ड्यांत आपटली कीं चॅसीच्या त्याच वरच्या-खालच्या कडा सर्वांत जास्त ताणल्या-दाबल्या जातात. घराची तुळई मध्यभागीं खालून खांचावयाची नसते, हें सुतार जाणतो. तोच हा नियम. त्या कडांवर आडवें वेल्डिंग करणें हेंही तितकेंच घातक. वितळलेल्या शिवणीच्या शेजारचें पोलाद उष्णतेनें बिघडतें, आणि चीर पडते ती बहुधा शिवणींत नव्हे, शिवणीच्या काठाशीं. वेल्डिंग केलेली वस्तु पुन्हा निघत नाहीं, हा आणखी एक तोटा. बोल्टानें बसविलेला हुक उद्यां काढतां येतो आणि गाडी जशीच्या तशी राहते. जुन्या गाडीच्या बाबतींत हा गुण सर्वांत मोठा मानला पाहिजे.

बोल्टही पाहून घ्यावा. त्याच्या डोक्यावर ८.८ असा आंकडा कोरलेला असतो. पहिला ८ सांगतो कीं प्रत्येक चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटन, म्हणजे सुमारें ८० किलोंची ओढ सोसून मग तो तुटेल; दुसरा ८ सांगतो कीं त्या ओढीच्या ऐंशीं टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जाणार नाहीं. ज्याच्या डोक्यावर कांहींच लिहिलेलें नाहीं तो बोल्ट पेटीला किंवा फाटकाला लावावा. येथें आणखी एक फसगत होते. विलीजच्या आणि इतर अमेरिकन गाड्यांचीं मापें इंचांचीं; बाजारांत सहज मिळणारे बोल्ट मिलिमीटरांचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मिस्त्री त्या भोंकांत १२ मिलिमीटरांचा बोल्ट घालून आवळून देतो आणि तो बसल्यासारखा दिसतोही. पण सात-दशांश मिलिमीटरांची मोकळीक राहते, आणि प्रत्येक हिसक्याला बोल्ट त्या मोकळिकींत ठोकत ठोकत भोंक लांबट करीत जातो. इंची बोल्ट शोधावयास एक दिवस गेला तरी चालेल. त्यांच्या डोक्यांवर आंकड्याऐवजीं रेघा असतात. तीन रेघांचा मजबूत, सहा रेघांचा त्याहून मजबूत.

बॉलच्या मापाचेंही असेंच आहे. युरोपीय पद्धतीचा बॉल ५० मिलिमीटरांचा, अमेरिकन दोन इंची बॉल ५०.८ मिलिमीटरांचा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. ५० च्या बॉलवर दोन इंची कप बसतो, पण सैल बसतो. उलट जोडी कधीं मिटतच नाहीं, आणि मिटल्याचा भास होतो तेव्हां ती अधिक वाईट. बॉल आणि कप एकाच मापाचे आहेत हें त्यांवर कोरलेल्या आंकड्यांवरून पाहावें, अंदाजावर सोडूं नये. मराठवाड्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची कडी आणि पिन घरोघर परिचयाची असल्यानें तीच पिकपला लावावी असेंही कोणी सुचवितो. ट्रॅक्टर हळू चालतो. त्या जोडांतला बोटभर ढिलेपणा त्याला बाधत नाहीं. ताशीं पन्नास किलोमीटरांनीं जाणाऱ्या पिकपच्या मागें तोच ढिलेपणा दर ब्रेकला घणाचा घाव होतो. ज्याला जुन्या रूपाची हौस आहे त्यानें बॉलऐवजीं लष्करी जीपेसारखा पिंटल हुक लावावा. तो शोभतोही आणि खराब रस्त्यावर अधिक मोकळेपणें हलतोही. मात्र तो खडखडतो, हें घरांतल्या मंडळींस आधीं सांगून ठेवावें.

हुकाशेजारीं दोन सांखळ्या हव्यात, आणि त्या दांडीखालून फुलीसारख्या ओलांडून अडकवाव्या. जोड निखळला तर दांडी त्या फुलीच्या झोळींत पडते, रस्त्यांत रुतत नाहीं. ट्रेलरच्या मागचे दिवेही हुकाच्याच खर्चांत धरावे. जुन्या विलीज गाड्यांची वीज ६ व्होल्टांची असे, बाजारांतले ट्रेलरचे दिवे १२ व्होल्टांचे. ते जोडले तर मिणमिणतात, आणि अंधारांत मागच्याला ब्रेक लागला कीं नाहीं हें कळत नाहीं. एकतर दिवे ६ व्होल्टांचे घ्यावे किंवा सबंध गाडीची वीज बदलावी. तिसरा मार्ग नाहीं. आणि ट्रेलर म्हणजे नुसता हातगाडा नव्हे. कायद्याच्या व्याख्येंत 'मोटार वाहन' ह्या शब्दांत ट्रेलरचाही समावेश आहे, तेव्हां त्याचीं कागदपत्रें वेगळीं लागतात.

आतां समर्थनगरांतल्या त्या पिकपची वाट. खुलताबादेस जातांना दौलताबादचा किल्ला ओलांडला कीं घाट लागतो, आणि जुन्या दरवाज्याच्या अरुंद कमानींतून वाट काढावी लागते. कन्नडच्या पुढें चाळीसगांवाकडे उतरणारा औट्रम घाट तर ह्याहून कितीतरी मोठा. चढतांना गाडी धापा टाकते एवढेंच. खरी परीक्षा उतरतांना असते. उतारावर चालकानें ब्रेक दाबला तरी मागच्या ट्रेलरला ब्रेक नसल्यास तो थांबत नाहीं, तो पुढच्या गाडीची पाठ ढकलूं लागतो. रस्ता सरळ असेल तोंवर तें ढकलणें सरळ जातें. वळणावर मात्र तें ढकलणें तिरपें होतें, हलक्या झालेल्या पुढच्या चाकांना रस्त्याची पकड राहात नाहीं, आणि गाडी व ट्रेलर अडकित्त्याच्या दोन पात्यांसारखीं एकमेकांवर मिटतात. ह्यावर हुकाची जाडी हा उपाय नाहीं. घाटाच्या तोंडाशींच खालचा गियर घालावा, इंजिनानें गाडी धरून ठेवावी, ब्रेक सतत न दाबतां मधून मधून दाबावा, आणि ड्रम तापल्याचा वास आला तर रुंद जागा पाहून थांबावें. आजोबांच्या काळचे चालक घाटाच्या मध्यावर थांबून चहा पीत, तो केवळ चहासाठीं नसे.

हें सारें ऐकून चिरंजिवांनीं बेत सोडून द्यावा असें नाहीं. त्यांनीं तो दोन भागांत करावा. बंपर मूळच्या नमुन्याचा, हलका, आपल्या जागीं. हुक वेगळा, चॅसीला बोल्टांनीं जोडलेला, मागें फार न येणारा, आणि बॉल काढतां येईल असा. ट्रेलर मालासह ४५० किलोंच्या आंत. गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावयाची ठरली तर मात्र ट्रेलरचा विचार सोडून हुक लष्करी नमुन्याचा, केवळ गाडीच्या मूळ रूपासाठीं ठेवावा, आणि शेतावरचीं पोतीं दुसऱ्या कोणत्या तरी वाहनानें आणावीं.

पहिल्या फेरीहून परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदां पान्यानें आवळावे. नवीन जोड पहिल्या शंभर किलोमीटरांत थोडा बसतो आणि नट सैल होतात. ट्रेलर जोडलेला नसेल त्या दिवशीं बॉल गाडीला ठेवूं नये. गुलमंडीच्या गर्दींत मागें डोकावणारा तो लोखंडी गोळा चालणाऱ्याच्या नडगीच्या नेमका उंचीवर असतो. तो काढावा, ग्रीस पुसावें, फडक्यांत गुंडाळून आसनाखालच्या पेटींत ठेवावा, आणि त्याची पिनही त्याच फडक्यांत ठेवावी. वेगळी ठेविलेली पिन ऐन वेळीं सांपडत नाहीं.